खवलेकीड, पाइन आणि दोषाचा प्रश्न

खवलेकीड हा मावा आणि पांढरी माशी यांच्या नात्यातला रसशोषक कीटकांचा मोठा गट आहे. त्याच्या सुमारे 8000 जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक पाइनवृक्षांवरच जगतात. या कीटकांच्या आयुष्यात हालचालीचा काळ फार थोडा. अंड्यातून निघालेले पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्याला सहा पाय, मिशा आणि साधे डोळे असतात. काही तास, फार तर काही दिवस ते सालीवर किंवा सुयांसारख्या पानांवर हिंडते. वाऱ्याची झुळूक आली तर उडून शेजारच्या झाडावर पडते. जागा पसंत पडली की सोंड रुतवते. ही सोंड म्हणजे केसाहून बारीक अशा चार ताठ तंतूंची जुडी असून पुष्कळ जातींत ती शरीरापेक्षाही लांब असते. चिलखती म्हणवल्या जाणाऱ्या खवलेकिडीची मादी यानंतर जन्मभर जागची हलत नाही. पहिली कात टाकताना तिचे पाय जातात, मिशांचे खुंट उरतात, डोळे निकामी होतात, आणि अंगातून पाझरलेले मेण व टाकलेली कात यांचे कवच पाठीवर चढते. पाइनच्या हिरव्या पानावरचा तो पांढरा ठिपका प्राणी आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. नराची तऱ्हा निराळी. प्रौढ झाल्यावर त्याला पंखांची जोडी फुटते, पण तोंड नसते. समागमापुरते एक-दोन दिवस जगून तो मरतो.

पाइनला होणारा उपद्रव कीड कुठे बसते आणि काय पिते यावर अवलंबून असतो. पानांवर बसणाऱ्या चिलखती जाती पानाच्या आतल्या पेशी रित्या करतात. तिथे पिवळे डाग पडतात आणि पाने अकाली गळतात. खोडावर आणि कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या पुष्कळ जाती सालीखालच्या रसवाहिनीत सोंड घालतात. पानांत तयार झालेली साखर या वाहिनीतून खाली मुळांकडे जाते. या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी कमी असते. शरीरातल्या सहजीवी जिवाणूंची मदत असूनही वाढीपुरते नत्र मिळवायला किडीला साखरेच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढावा लागतो, आणि उरलेली साखर पाण्याबरोबर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर पडते. महाराष्ट्रातला शेतकरी ज्याला चिकटा म्हणतो तो हाच पदार्थ. त्याच्यावर काळी बुरशी चढते. नागपूरकडच्या संत्र्याच्या बागेत काळ्या माशीमुळे आलेली कोळशी ज्याने पाहिली असेल त्याला काळवंडलेला पाइन कसा दिसतो ते वेगळे सांगायला नको. काजळी धरलेल्या पानांना ऊन कमी मिळते, म्हणजे साखरेची गळती चालू असतानाच नवी साखर बनणे घटते. वाढ मंदावते, शेंडे वाळतात, राळ पाझरवून साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना थोपवण्याची झाडाची ताकद कमी होते. झाड मेलेच तर शेवटचा घाव बहुधा या भुंगेऱ्यांचा किंवा दुष्काळाचा असतो. उलट, पाणी आणि जागा पुरेशी असलेले झाड हजारो किडी अंगावर बाळगून वर्षानुवर्षे उभे असलेले दिसते.

एका जिवाचे पोट दुसऱ्याच्या ऱ्हासावर भरत असेल तर त्या ऱ्हासाला वाईट म्हणायचे का? म्हणायचे, तर दोष कुणाच्या माथी मारायचा: किडीच्या, सृष्टी अशी घडवणाऱ्याच्या, की कुणाच्याच नाही? धर्मग्रंथांत आणि तत्त्वज्ञानात हा प्रश्न बहुधा वाघ आणि हरिण समोर ठेवून मांडला जातो. तिथे भय, रक्त आणि वेदना यांमुळे तो गढूळ होतो. हरणाची कीव आली की विचार थांबतो. पाइन आणि खवलेकीड यांच्यात पाठलाग नाही, किंकाळी नाही, कुणाची कीव येण्याचे कारणही सहसा नाही. प्रश्नाची तपासणी करायला म्हणूनच हे उदाहरण अधिक सोयीचे.

स्टोइक पंथाचा क्रिसिपस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात दिलेले उत्तर असे की सृष्टीतली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आहे. ढेकूण माणसाला झोपून राहू देत नाहीत आणि उंदीर वस्तू जागच्या जागी ठेवायला लावतात, असे त्याचे म्हणणे प्लुटार्कने स्टोइकांवर टीका करताना नोंदवले आहे. ग्रीसच्या पाइनवनांत त्याला याहून भक्कम दाखला मिळाला असता. मार्चालिना हेलेनिका ही पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातली मोठी खवलेकीड. सालीच्या भेगांत कापसासारख्या पांढऱ्या मेणात ती गुरफटून बसते. वर्षाला तिची एकच पिढी होते. नर क्वचितच सापडतात, माद्या बहुतेक वेळा नरावाचूनच अंडी घालतात, आणि प्रौढ मादीला तोंड नसल्यामुळे अंडी घालून झाली की ती संपते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत तिचा चिकटा सालीवर ठिबकतो आणि मधमाश्या तो फुलांतल्या मकरंदासारखा गोळा करतात. या मधाचा रंग गडद असतो आणि तो लवकर साखरत नाही. ग्रीसमध्ये निघणाऱ्या मधापैकी निम्म्याहून अधिक मध या किडीच्या जिवावर निघतो, तर तुर्कस्तानचा मुग्ला प्रांत आणि त्याच्या आसपासची पाइनवने जगातला बहुतांश पाइन-मध पुरवतात. मध आकाशातून उतरतो असे अॅरिस्टॉटलला वाटे. तो आकाशाचा घाम म्हणावा की ताऱ्यांची लाळ, असा पेच रोमन लेखक प्लिनीला पडला होता. पाइन-मधाच्या बाबतीत खरे उत्तर काय ते कळते, तर दोघांनीही नाक मुरडले असते.

स्टोइकांचे उत्तर इथे चपखल बसते खरे, पण ते दूरवर टिकत नाही. 2014 मध्ये हीच कीड ऑस्ट्रेलियात, मेलबर्न आणि अॅडलेडच्या परिसरात आढळली. ऑस्ट्रेलियात मूळच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिएटा पाइनची लाखो हेक्टरांवर लागवड आहे आणि लाकडाचा मोठा उद्योग तिच्यावर उभा आहे. साहजिकच मधाचा विचार कुणी केला नाही. झाडे तोडणे, खोडांत औषध टोचणे असे उपाय सुरू झाले. मुग्लातली लक्ष्मी मेलबर्नमध्ये अवदसा ठरली. किडीच्या असण्यात काही कल्याणकारी हेतू भरलेला असता तर समुद्र ओलांडताना तो वाटेत गळून पडण्याचे कारण नव्हते.

ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी वेगळी वाट धरली. प्राण्यांची पारख माणसाच्या सोयी-गैरसोयीवरून करू नये, प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या त्याच्या जागी चांगलाच असतो, असे त्याने लिहिले. यात औदार्य आहे. पण ‘त्याच्या त्याच्या जागी’ या अटीचे काय करायचे, हे जागा बदलल्यावरच कळते. 1677 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात स्पिनोझाने आणखी पुढे जाऊन सांगितले की बरे आणि वाईट वस्तूंमध्ये नसतेच. एकच संगीत खिन्न माणसाला बरे, शोकात बुडालेल्याला वाईट आणि बहिऱ्याला दोन्ही नाही. याच हिशेबाने मार्चालिना मधपाळाला बरी, लाकूड-कंपनीला वाईट आणि वाटसरूला कसलीच नाही.

आजच्या सुशिक्षित वाचकाला हे उत्तर लगेच पटते, आणि नेमके तिथेच सावध राहायला हवे. मधपाळ, कंपनी आणि वाटसरू या तिघांचे मत घेतले गेले, पण ज्याचा रस जातो त्या पाइनची बाजू कुठेच आली नाही. झाडाला मत नसते हे खरे. तरी झाडाला हित असते: त्याची वाढ, त्याची पालवी, त्याचे बी धरणे. ओसाड डोंगरावर, जिथे कुणी माणूस फिरकत नाही तिथे, किडीने शोषलेल्या पाइनचा शेंडा वाळतोच, आणि ते वाळणे कुणाच्या नजरेवर अवलंबून नसते. हानी खरी आहे. ती पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ आहे असे म्हणून स्पिनोझाच्या अनुयायाला सुटता येत नाही.

मग ही खरी हानी किडीच्या स्वभावातून येते का? याचे उत्तर फ्रान्समधल्या एका आपत्तीने फार स्वच्छपणे दिले आहे. मॅट्सुकॉकस फेटाउडी ही खवलेकीड फक्त सागरी पाइनवर जगते. पोर्तुगाल, स्पेन आणि नैऋत्य फ्रान्सच्या अटलांटिक बाजूच्या वनांत ती पूर्वापार आहे आणि तिथे तिचा उपद्रव नगण्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ती माणसाच्या वाहतुकीबरोबर आग्नेय फ्रान्समधल्या मोर आणि एस्तेरेल डोंगररांगांत पोहोचली. तिथेही सागरी पाइनच होता, पण त्याच्या पूर्वजांनी ही कीड कधी पाहिली नव्हती. 1960 च्या दशकापासून तिथली सुमारे 1,20,000 हेक्टर पाइनवने उद्ध्वस्त झाली. कीड तीच आणि झाडाची जातही तीच; फरक होता तो दोघांच्या एकत्र काढलेल्या काळाचा. पश्चिमेकडे असंख्य पिढ्यांत ज्या झाडांना हा उपद्रव सोसला नाही ती मागे पडली आणि ज्यांना सोसला त्यांचे बी उरले. पूर्वेकडे ही चाळणी कधी लागलीच नव्हती.

किडीच्या बाजूनेही असाच इतिहास साचत जातो. अमेरिकेत जॉर्ज एडमंड्स आणि डोनाल्ड अॅल्स्टॅड यांनी 1978 मध्ये पॉन्डेरोसा पाइनवरच्या काळ्या खवलेकिडीविषयी एक चकित करणारी कल्पना मांडली. झाड शतकानुशतके जगते आणि किडीच्या पिढ्या भराभर उलटतात. तेव्हा एकेका झाडावरची वस्ती त्या एकाच झाडाच्या रासायनिक संरक्षणाला सरावत जाते, आणि शेजारच्या झाडावर नेऊन सोडली तर कमी तग धरते. पुढच्या प्रयोगांत सर्वच खवलेकिडींत हे दिसून आले नाही, त्यामुळे तो सर्वसामान्य नियम मानला जात नाही. तरी तात्त्विक चर्चेला त्यातून मिळणारी दिशा मोलाची आहे. हानी कीड नावाच्या वस्तूत साठवलेली नसते. विशिष्ट कीड, विशिष्ट झाड आणि त्यांनी एकत्र काढलेला किंवा न काढलेला काळ, यांच्या संबंधात ती असते. 1860 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विनने परोपजीवी गांधिलमाश्यांकडे बोट दाखवून दयाळू निर्मात्याविषयी शंका घेतली होती. तिचा रोख निर्मात्याने बनवलेल्या प्राण्यांवर होता. प्रश्न प्राण्यांच्या संबंधांचा आहे असे एकदा धरले की निर्मात्यावरचा आरोप नाहीसा होत नाही, पण आरोपपत्र नव्याने लिहावे लागते.

हानी आणि दोष या दोन गोष्टी अलग करण्याचे काम सर्वांत काटेकोरपणे जैन आचार्यांनी केले आहे. त्यांच्या विचाराची सुरुवातच पाइनला अनुकूल आहे, कारण जैन दर्शनात वनस्पती हा जीव आहे. त्याला स्पर्श हे एकच इंद्रिय असते आणि तो स्थावर असतो. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर त्रस, म्हणजे चर, जीव येतात: कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भुंगा चार, माणूस पाच. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातली ही चढण लहानपणी पाठशाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाइनच्या बाजूने बोलायला इथे वेदनेचा पुरावा आणावा लागत नाही. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात बेंथॅमपासून पीटर सिंगरपर्यंत दुःख भोगण्याची क्षमता ही नैतिक विचारात प्रवेश मिळण्याची अट मानली गेली, त्यामुळे झाड उंबऱ्याबाहेरच राहिले आणि कीटकाला वेदना होते की नाही यावर अजून वाद चालू आहे.

खवलेकीड मात्र या चढणीलाही थोडी अडचणीत टाकते. तिच्या पिल्लाला डोळे, मिशा, पाय सारे काही असते. चिलखती मादी वाढता वाढता ते गमावते आणि झाडासारखी एका जागी खिळते. मॅट्सुकॉकसमध्ये याहून विचित्र प्रकार घडतो: मधल्या अवस्थेत पाय नसलेली गोळी, आणि प्रौढपणी मादीला पुन्हा पाय, मिशा, डोळे. एकाच जन्मात इंद्रिये जातात आणि परत येतात. परंपरेचे उत्तर सरळ आहे. त्रस किंवा स्थावर हे जिवाच्या कर्मावरून ठरते, त्या क्षणी तो चालतो की नाही यावरून नाही. स्थिर बसलेली कीडही त्रसच. हे उत्तर तर्कशुद्ध आहे. पण हिरव्या पानावरचा पांढरा ठिपका पुसून टाकणाऱ्या श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, डोळ्यांना ते दिसत नाही. अहिंसेला शास्त्राइतकीच भिंगाचीही गरज पडते.

दोषाचा विचार इथून पुढे सुरू होतो. उमास्वातींच्या व्याख्येत केवळ प्राण जाणे म्हणजे हिंसा होत नाही. प्रमादाच्या योगाने, म्हणजे बेसावध आणि विकारवश वृत्तीने प्राण घेणे ही हिंसा. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात हा धागा शेवटपर्यंत ताणला: जपून वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही, आणि बेपर्वा माणसाच्या हातून कुणीही मेले नाही तरी तो ठरतो. प्रत्यक्ष घडलेली ती द्रव्यहिंसा, वृत्तीतली ती भावहिंसा. पाइनवरच्या किडीकडून होते ती द्रव्यहिंसा, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. कर्मशास्त्र किडीला सर्वस्वी मोकळेही सोडत नाही, कारण मन नसलेल्या जिवालाही कषाय, म्हणजे विकार, असतात आणि कर्मबंध होतो. पण व्रत घेणे, मोडणे, सावध राहणे, हयगय करणे या गोष्टी मन असलेल्या जिवालाच शक्य आहेत. रस पिताना किडीपुढे दुसरा पर्याय नसतो. दोष शोधायचा तर जिथे पर्याय होता तिथे शोधावा लागतो.

अशी ठिकाणे पुष्कळ सापडतात. मोर डोंगरांत कीड आपल्या पायांनी चालत गेली नव्हती. ग्रीसमध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मधाचे उत्पादन वाढावे म्हणून शासकीय कार्यक्रमातून मार्चालिना नव्या पाइनवनांत मुद्दाम सोडली गेली. अथेन्सच्या अवतीभवती, कोरड्या आणि आधीच दमलेल्या झाडांवर, तिने मधापेक्षा वाळलेले शेंडेच अधिक दिले, आणि वनशास्त्रज्ञ व मधपाळ यांच्यातला वाद आजही मिटलेला नाही. हेतू वाईट नव्हता. प्रमादाची कल्पना नेमकी इथेच उपयोगी पडते, कारण तिला दुष्ट हेतू लागत नाही. माहीत करून घेता आले असते ते माहीत करून न घेणे एवढे पुरते. उत्तर अमेरिकेतली टूमेयेला पार्विकॉर्निस ही खवलेकीड नेपल्सच्या परिसरात 2014 च्या सुमारास आणि रोममध्ये 2018 मध्ये आढळली. ऑटोरिनो रेस्पिगी यांनी 1924 मध्ये ज्यांच्यावर सुप्रसिद्ध वाद्यवृंदरचना केली ते रोमचे छत्रीसारखे पाइन ही कीड आल्यापासून काळवंडून मरत आहेत. ती कीड व्यापारातल्या रोपांबरोबर आली असावी. कोणत्या जहाजातून आली हे कुणाला सांगता येत नाही, आणि जबाबदारी अशी हजार हातांत वाटली गेली की ती घ्यायला एकही हात पुढे येत नाही. प्राचीन आचार्यांच्या डोळ्यांसमोर एकेक गृहस्थ होता. जागतिक रोपव्यापाराचा प्रमाद कुणाच्या खात्यावर मांडायचा, याची तजवीज त्यांच्या ग्रंथांत नाही.

कीड आल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न दोषाच्या प्रश्नापेक्षाही अवघड आहे. श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: जाणूनबुजून केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, उपजीविकेतली उद्योगी आणि स्वसंरक्षणातली विरोधी. यांतली पहिली पूर्ण वर्ज्य. उरलेल्या तीन गृहस्थाला टळत नाहीत, म्हणून त्या कमीत कमी ठेवायच्या. कोल्हापूर-सांगली भागातल्या जैन ऊसशेतकऱ्यांना हे विवेचन पुस्तकी वाटणार नाही. 2002 मध्ये लोकरी मावा उसावर पसरला, तेव्हा फवारणी करायची की नाही हा प्रश्न त्यांच्या बांधावर येऊन उभा राहिला होता. त्या वेळी डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून शेतात सोडले गेले आणि मावा आटोक्यात यायला त्यांची मोठी मदत झाली. मार्चालिनाची अंडी आणि पिल्ले खाणारी एक छोटी चंदेरी माशी ग्रीसमध्ये आहे. तिचाही असाच उपयोग करता येतो. औषधापेक्षा हा मार्ग सौम्य वाटतो, आणि परिणामांच्या दृष्टीने तो बहुधा सौम्य आहेही. पण कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि पसंत केलेले, या तिन्हींना जैन नीती एकाच रांगेत बसवते. माशीकडून करवलेला वध हा करवलेलाच. तिचे दात आपले नाहीत म्हणून हात स्वच्छ राहिले, असा युक्तिवाद या दरबारात चालत नाही.

खोडात औषध टोचण्याचा मार्ग रोममध्ये वापरला जातो. यतनेच्या, म्हणजे जपून वागण्याच्या, कसोटीवर तो फवारणीपेक्षा वरचढ दिसतो, कारण जो रस पितो त्यालाच विष मिळते. पण तिथेही एक पळवाट उघडी राहते: 2019 मध्ये संत्रावर्गातल्या झाडांवरच्या पिठ्या ढेकणांवर झालेल्या संशोधनात काही आंतरप्रवाही औषधे चिकट्यात उतरतात आणि तो चाटणाऱ्या उपयोगी कीटकांनाही मारतात, असे दिसले. जुन्या आचारग्रंथांकडे वळावे तर तिथे कोंडी आणखी घट्ट होते. उपासकदशांग या आगमात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे, कर्मादाने, सांगितले आहेत. त्यांत लाखेचा व्यापार आहे, कारण पळस आणि कुसुंबावरची लाख ही खवलेकिडीचीच राळ आणि ती खरवडताना असंख्य जीव जातात. त्याच यादीत झाडतोडीचा धंदा आहे, विषाचा व्यापार आहे, आणि ज्यात मध मोडतो तो रसांचा व्यापारही आहे. म्हणजे पाइनवरच्या किडीपासून मध मिळवणे, तिच्यावर औषध विकणे आणि किडलेली झाडे तोडून विकणे, तिन्ही एकाच पानावर निषिद्ध! अशा झाडापुढे उभा राहिलेल्या श्रावक व्यापाऱ्याला ही यादी एकच वाट मोकळी ठेवते, ती म्हणजे त्यातून पैसा न करण्याची. ज्यांनी ती रचली त्यांना पाइन माहीत नव्हता, पण हानीतून नफा काढू लागलेला माणूस हानी थांबवण्याबाबत निष्पक्ष राहत नाही, हे त्यांना नीट माहीत होते. ग्रीसमधल्या मधपाळांचा वाद त्याची साक्ष देतो.

या नीतीची एक मर्यादाही नोंदवायला हवी. तिची गणना एकेका जिवाची आहे. वन, जात, परिसर ही माणसाने केलेली मोजदाद, तिला स्वतःचे प्राण नाहीत. विसाव्या शतकातल्या पर्यावरणनीतीने नेमका हाच मुद्दा उलटा धरला. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अल्डो लिओपोल्ड यांनी योग्य-अयोग्याची कसोटी एकेका प्राण्यावरून उचलून माती, पाणी, झाडे, प्राणी यांच्या संपूर्ण समूहावर नेली. दोन्ही दृष्टींमधले अंतर 2021 च्या वणव्यांनंतर दिसले. त्या उन्हाळ्यात मुग्लातली आणि ग्रीसच्या एव्हिया बेटावरची पाइनवने जळाली, आणि झाडांबरोबर मार्चालिनाही गेली. पंख नसलेली ही कीड नव्या झाडांवर पसरायला वर्षे घेते. झाडे मधाजोगी मोठी व्हायला त्याहून अधिक. किडीचा नाश झाला म्हणून गावे हवालदिल झाली, असा प्रसंग कीटकशास्त्राच्या इतिहासात विरळाच. एकेका जिवाचा हिशेब करणाऱ्याला तिथे मेलेल्या कोट्यवधी किडी दिसतात. समूहाचा हिशेब करणाऱ्याला झाड, कीड, मधमाशी आणि माणूस यांची तुटलेली साखळी दिसते.

सर्वांत कठीण प्रसंग कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स आणि कैकोस बेटांवरचा. तिथला राष्ट्रीय वृक्ष म्हणजे कॅरिबियन पाइनचा बहामी उपप्रकार, जो बहामा आणि ही बेटे सोडून कुठेही निसर्गतः वाढत नाही. 2005 मध्ये टूमेयेला तिथे सापडली. नाताळसाठी उत्तर अमेरिकेतून आणलेल्या झाडांबरोबर ती आली असावी असा अंदाज आहे. त्यानंतर बेटांवरचे 90 टक्क्यांहून अधिक पाइन मेले. स्थानिक शासन आणि लंडनचे क्यू उद्यान यांनी मिळून बी गोळा केले आणि नॉर्थ कैकोस बेटावर रोपवाटिका उभारली. तिथली रोपे वाचवायची तर त्यांच्यावरची कीड मारावीच लागते. एकेका रोपासाठी किती किडी मारायच्या, या प्रश्नाला लिओपोल्ड यांच्या नीतीत आकडाच लागत नाही. उपप्रकार टिकणे एवढे पुरते. जैन नीतीत एकेंद्रिय रोपापेक्षा कीड वरच्या पायरीवर बसते, आणि रोप त्या बेटांवरच्या शेवटच्या पाइनांपैकी आहे याला गणितात स्थान नाही. श्रावक फार तर असे म्हणू शकेल की कीड आणण्याचा प्रमाद माणसाचा, म्हणून रोप जगवण्याचे ऋणही माणसाचे, आणि ते फेडताना होणाऱ्या हिंसेचे प्रायश्चित्त वेगळे करावे. लिओपोल्ड यांच्या अनुयायाला त्या प्रायश्चित्ताची गरजच वाटणार नाही. रोपवाटिकेतले काम दोघांनीही तेच केले असते. त्या कामाला काय म्हणायचे यावर मात्र दोघांचे जुळलेले नाही.